खाटेवरच्या पेशंटसाठी इंटरॅक्टिव्ह चित्र करताय? या चुका टाळा

पहिली चूक बघून बघून वैताग आलाय: धडधाकट, उभ्या माणसावर टेस्ट करणं. पोरं स्टुडिओत डेप्थ कॅमेरा (समोरच्या गोष्टीचं अंतर मोजणारा) लावतात आणि भिंतीवर प्रोजेक्टरनं रंकाळा तलाव सोडतात. (रंकाळा रंगवणाऱ्या चित्रकार आबालाल रहिमानांच्या कोल्हापुरात दुसरं काय सुचणार म्हणा!) समोर उभं राहून हात वर केला की बगळे उडतात. झालं काम, चला वॉर्डात! चादरीखाली आडवा झालेला माणूस त्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा ओळखूच येत नाही. कॅमेऱ्यातून शरीराचा सांगाडा, म्हणजे सांधे कुठे आहेत ते ओळखणारी सॉफ्टवेअरं बहुतेक उभ्या नाहीतर बसलेल्या शरीरांवर शिकलेली असतात.

एके ठिकाणी लकवा झालेल्या आजी बोटं हलवत होत्या, बगळे ढिम्म. सूनबाई उशी सारखी करायला वाकल्या आणि अख्खा थवा उडाला. "तिचंच ऐकतंय की ते," म्हणून आजींनी तोंड फिरवलं. परत हात काही हलवला नाही. पोरांचा तोडगा काय, तर सेन्सिटिव्हिटी वाढवूया. वाढवा! मग पंख्यानं हललेल्या पडद्यालासुद्धा बगळे उडतील.

मी आधी लॅपटॉप उघडतच नाही. पेशंटला न दुखता किती हलवता येतं ते थेरपिस्टसोबत बसून बघतो. बोटभर हालचाल असली तरी तीच शंभर टक्के धरून चित्राला जोडतो. कॅमेऱ्याची चौकट तेवढ्या हातापुरतीच ठेवतो, नातेवाईक बाहेर. तेही जमेना तर ३.५ मिमी जॅकचा (हेडफोनसारखी पिन), तळहाताएवढा बटण-स्विच. दिसतो गबाळा, पण चालतो. त्यात 'इनोव्हेशन' नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी प्रदर्शनातच काम करावं.

मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला की डोळे शाबूत असूनही पुष्कळदा डावीकडे लक्षच जात नाही. ताट अर्धंच जेवलेलं दिसतं. अशा माणसासमोर सुरुवात डावीकडे ठेवायची आणि वर 'पेशंट कोऑपरेट करत नाही' म्हणायचं, हे बंद करा. कुठल्या बाजूनं सुरू करायचं ते थेरपिस्ट ठरवतील.

गुण, टायमर, 'पुन्हा प्रयत्न करा': काढून टाका.

लखलखाट सेकंदाला ३ पेक्षा जास्त नको, काहींना फिट येऊ शकते.

पुसता न येणारा कापडी सेन्सर वॉर्डात आणूच नका.

थांबवायचं बटण पेशंटच्या हाताशी द्या. आणि आवाज उशीजवळच्या छोट्या स्पीकरवर, शेजारच्या खाटेवरचा माणूस रात्रभर जागून आत्ता कुठे झोपलेला असतो.