गाडी लावून जाताना: गाडी आणि आतलं सामान चोरीपासून कसं वाचवावं

मागच्या पावसाळ्यात लोणावळ्याच्या पुढे एका धबधब्यापाशी आम्ही गाडी लावली. उतरल्यावर मी मागच्या सीटवरची लॅपटॉपची बॅग उचलली, डिकी उघडून आत ठेवली, वर टॉवेल टाकला आणि निश्चिंत मनाने वर चढायला लागलो. पाऊण तासाने परत आलो तर मागच्या दाराची काच सीटवर खडीसाखरेसारखी पसरलेली. डिकीत कपड्यांच्या चार पिशव्या होत्या, त्यांना हातही लागला नव्हता. गेली ती फक्त लॅपटॉपची बॅग.

चोराला काही शोधावं लागलंच नव्हतं. बॅग कुठे ठेवली ते त्याने चहाच्या टपरीच्या आसपास कुठेतरी उभं राहून पाहिलं असणार. तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढा लक्षात ठेवा: डिकीत जे जायचं ते घरून निघतानाच गेलं पाहिजे. गाडी जिथे लावणार तिथे पोहोचल्यावर डिकी उघडायची नाही.

निघतानाच गाडी रिकामी दिसेल अशी लावा

चोर काच फोडायच्या आधी आत डोकावतो. बाजूच्या दारांची काच टफन्ड असते. एका कोपऱ्यावर नेमका घाव बसला की ती क्षणात चुरा होते, फारसा आवाजही होत नाही. समोरची काच दोन थरांची असल्याने तिच्या वाटेला तो जात नाही. म्हणजे काच त्याला अडवू शकत नाही. आत काही नाही असं दिसलं तरच तो पुढच्या गाडीकडे वळतो.

म्हणून बॅग रिकामी असली तरी सीटवर ठेवू नका. बाहेरच्याला ती रिकामी आहे हे कसं कळणार? मुलांचं दप्तर, ऑफिसचा डबा ठेवायची काळी पिशवी, लॅपटॉपचं कव्हर, लोंबणारी चार्जिंगची वायर, काचेवरचा मोबाइल होल्डर, गिअरपाशी टोलसाठी ठेवलेली चिल्लर, हे सगळं आवरा. होल्डर काढल्यावर काचेवर जो गोल डाग राहतो तोही फडक्याने पुसून टाका. त्या डागावरून आत कप्प्यात मोबाइल असेल असा अंदाज बांधला जातो.

हॅचबॅकमध्ये आणि सात सीटच्या गाड्यांमध्ये वेगळी बंद डिकी नसते. मागचा पार्सल ट्रे सर्व्हिसिंगला काढलेला घरी कुठेतरी पडला असेल, तर तो परत बसवून घ्या. बॅगेवर चादर किंवा टॉवेल टाकून काही साधत नाही, उलट खाली काहीतरी आहे असंच ते सांगतं. प्रवासात मध्येच काही डिकीत टाकायची वेळ आली, तर एक-दोन किलोमीटर आधी एखाद्या पेट्रोल पंपावर थांबा, सामान हलवा आणि मग पुढे जा. काळी फिल्म लावून आतलं झाकू म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच तिला मनाई केली आहे.

लग्नसराईत मंगल कार्यालयाबाहेर लावलेल्या गाड्यांची विशेष काळजी घ्या. दागिन्यांची पेटी, आहेराची पाकिटं, नवऱ्या मुलीच्या साड्यांची बॅग आत नेईपर्यंत घरातलं एक जाणतं माणूस गाडीपाशी थांबलंच पाहिजे, आणि हे काम कुणाचं ते आदल्या दिवशी ठरवा. लगीनघाईत प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने बघितलं असेल.

मूळ आरसी, पीयूसी, विम्याचे कागद गाडीत ठेवायची आता गरज राहिलेली नाही. डिजिलॉकरमधली किंवा एम-परिवहनमधली कागदपत्रं २०१८ पासून ग्राह्य धरली जातात. आरसीवर घरचा पत्ता असतो. कप्प्यात आरसी आणि त्याच कप्प्यात घराची जादा किल्ली, असं आपल्यातल्या कितीतरी जणांच्या गाडीत आज, या क्षणीसुद्धा असेल. हा लेख वाचून झाला की खाली जाऊन ती किल्ली काढून आणा.

गाडी कुठे लावायची

उजेड, वर्दळ आणि कॅमेरा, या तिन्हीपैकी दोन गोष्टी मिळाल्या तरी जागा चांगली समजा. दुकानाच्या दारासमोर, रिक्षा स्टँडजवळ, एटीएमच्या नजरेत. गडाच्या पायथ्याला किंवा आडबाजूच्या समुद्रकिनारी गेलात, तर रस्त्याकडेला फुकट लावण्यापेक्षा गावातल्या कुणाच्या तरी अंगणात पैसे देऊन लावा. घरच्या ओट्यावर बसलेली आजी आपल्या गाडीकडे जितकं लक्ष ठेवते तितकं कोणताही अलार्म ठेवत नाही. गडावरून उतरायला साधारण किती वाजतील तेही त्यांना सांगून ठेवा.

पे अँड पार्कमध्ये पावती घेतल्याशिवाय निघू नका, आणि ती गाडीत न ठेवता खिशात ठेवा. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत’ अशी पाटी बघून आपण गप्प बसतो. पण किल्लीच दुसऱ्याच्या हाती दिली असेल तर गोष्ट वेगळी होते. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात १९९८ साली वॅलेकडे, म्हणजे पाहुण्यांची गाडी लावून देणाऱ्या हॉटेलच्या माणसाकडे, दिलेली एक मारुती झेन चोरीला गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१९ मध्ये निकाल लागला: गाडी ताब्यात घेतल्यावर हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी पाटीमागे किंवा पावतीवरच्या ओळीमागे लपून टाळता येणार नाही. म्हणून वॅलेची पावती जपा. किल्ली देताना जुडग्यातून घराची किल्ली मात्र काढून घ्या.

उतरल्यावरचा अर्धा मिनिट

उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून बोटभर काच उघडी ठेवायची सवय असेल तर ती सोडा. सनरूफही बघा. रिमोटचं बटण दाबलं की आपण पाठ फिरवून चालू लागतो. त्याच वेळी कुणी जवळपास जॅमर वापरत असेल, तर रिमोटचा संदेश गाडीपर्यंत पोहोचतच नाही आणि दारं उघडीच राहतात. म्हणून लाइट लुकलुकले का ते बघा, आणि तरीही एकदा दाराचं हँडल हाताने ओढून बघा. कीलेस गाडी असेल, म्हणजे किल्ली नुसती जवळ असली तरी उघडणारी, तर किल्ली खिशात असल्यामुळे दार उघडेल, म्हणून तिथे आरसे मिटले का, लॉक झाल्याचा आवाज आला का, यावर लक्ष द्या.

दूध आणायला, मुलाला क्लासला सोडायला, मेडिकलमधून एक पट्टी घ्यायला उतरताना इंजिन आणि एसी चालू ठेवणं ही सगळ्यात महाग सवय. गाडी तर जातेच, शिवाय किल्ली आत असताना गाडी गेली तर विमा कंपनी निष्काळजीपणाचा मुद्दा काढते.

आणखी एक जुनी युक्ती अजून चालते. ‘साहेब, गाडीखाली ऑइल गळतंय’, ‘मागचं चाक बसलंय’, ‘तुमच्या नोटा पडल्या’ असं कुणी सांगतं. आपण एका बाजूने उतरतो आणि दुसऱ्या बाजूने बॅग जाते. सांगणारा खरंही सांगत असेल, त्याच्यावर रागावू नका. फक्त आधी किल्ली काढा, उतरून गाडी लॉक करा आणि मग वाकून बघा.

किल्लीची काळजी

हल्लीच्या गाड्यांना इमोबिलायझर असतो. किल्लीतल्या चिपची ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, त्यामुळे तारा जोडून गाडी पळवणं आता अवघड झालं आहे. चोरांनीही मग वेगळी वाट काढली. स्टिअरिंगखाली सर्व्हिस सेंटरवाले यंत्र जोडतात तो ओबीडी पोर्ट असतो, तिथून गाडीला नवीन किल्ली ओळखायला लावता येते. या पोर्टवर बसणारं कुलूप मिळतं, ते बसवून घ्या. बटणावर सुरू होणाऱ्या कीलेस गाडीच्या किल्लीचा सिग्नल घराच्या दारापर्यंत येऊन वाढवून घेता येतो. म्हणून ती किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला टांगू नका. आतल्या खोलीत, सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा. पाऊच घेतल्यावर किल्ली त्यात घालून गाडीजवळ उभं राहा. दार उघडलं तर पाऊच निकामी आहे.

जुनी गाडी घेत असाल तर दोन्ही किल्ल्या मागून घ्या. एकच मिळाली, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन गाडीच्या मेमरीतून हरवलेल्या किल्लीची नोंद काढून टाका. याला खर्च येतो, पण तो गाडीच्या किमतीतच धरायचा. मडगार्डच्या आत किंवा बंपरखाली जादा किल्ली चिकटवून ठेवणारे लोक अजून आहेत. ती जागा चोरांनाही पाठ असते.

रात्रभर बाहेर उभी राहणारी गाडी

ज्यांना सोसायटीत जागा नाही आणि गाडी गल्लीतच लावावी लागते, त्यांच्यासाठी हे. गिअर लॉक बसवा, आणि जोडीला बाहेरून ठळक दिसणारं स्टिअरिंग लॉकही लावा. गिअर लॉक मजबूत असतं, पण अंधारात ते दिसत नाही. लाल किंवा पिवळं स्टिअरिंग लॉक काचेतूनच सांगतं की इथे वेळ जाणार आहे. गाडी लावताना पुढची चाकं पूर्ण वळवून ठेवा, मग ओढून नेणं कठीण जातं. जीपीएस ट्रॅकर घ्यायचा तर स्वतःची बॅटरी असलेला घ्या आणि डॅशबोर्डखाली न लावता सहज हाती लागणार नाही अशा जागी लपवा. त्याचं सिम कार्ड रिचार्ज आहे ना, हे दर महिन्याला बघा. रिचार्ज संपलेला ट्रॅकर असला काय आणि नसला काय.

मारुती ईको असणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. भाजीवाले, केटरिंगवाले, शाळेची मुलं नेणारे, या सगळ्यांची ती कमाईची गाडी. तिच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे महागडे धातू असतात, आणि खाली शिरून सायलेन्सर काढायला काही मिनिटं पुरतात. सकाळी गाडी सुरू केली की ट्रॅक्टरसारखा आवाज येतो तेव्हा कळतं. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये अशा चोऱ्या खूप झाल्या आहेत. ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून सायलेन्सरभोवती लोखंडी जाळी बसवून घ्या, किंवा निदान नेहमीचे नट काढून साध्या पान्याने न सुटणारे बसवा. सायलेन्सरवर गाडीचा नंबर कोरून ठेवला तर विकणाऱ्याची अडचण होते.

अलॉय व्हीलसाठी प्रत्येक चाकाला एक लॉक नट पुरतो. त्याची चावी टूलकिटमध्ये ठेवायला विसरू नका, नाहीतर पंक्चर झाल्यावर आपणच अडकतो. ज्या गाड्यांची स्टेपनी खालच्या बाजूला लटकते, त्यांना साखळी-कुलूप लावा. सोसायटीत कॅमेरे असतील तर एकदा रात्री बारा वाजताचं चित्रण उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी त्यात नुसते हेडलाइटचे पांढरे गोळे दिसतात, नंबर प्लेट वाचता येत नाही. पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्या.

तरीही चोरी झालीच तर

गाडी जागेवर नसेल तर आधी वाहतूक शाखेकडे चौकशी करा, टोइंगवाल्यांनी उचलली नसेल ना. तसं नसेल तर लगेच ११२ ला फोन. चोरी झाली ती जागा कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइन माहिती दिलीत तर तीन दिवसांत सही करावी लागते. फिर्यादीत ‘गहाळ’ नव्हे तर ‘चोरी’ लिहिलंय ना, हे सही करण्याआधी वाचा. विम्याचा दावा त्या एका शब्दावर अडतो. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते.

फास्टॅग लगेच ब्लॉक करू नका, आधी पोलिसांना विचारा. चोराने तो काढला नसेल, तर टोलचा मेसेज तुमच्याच मोबाइलवर येतो आणि गाडी कोणत्या रस्त्याने चाललीय ते कळतं. आसपासच्या दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण त्याच दिवशी मागा, कारण काही दिवसांनी जुनं आपोआप पुसलं जातं.

विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर गाडीच्या चोरीचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक विमा असेल तर कंपनी दोन्ही किल्ल्या, आरसी, एफआयआर आणि पुढे तपास न लागल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल मागते. आत ठेवलेला लॅपटॉप किंवा दागिने गाडीच्या विम्यात धरत नाहीत.

फक्त काच फुटली असेल तर काहीही आवरायच्या आधी फोटो काढा आणि दाराला, हँडलला हात लावू नका. नवीन काचेसाठी दावा करण्याआधी हिशोब करा. काचेवर घसारा कापत नाहीत हे खरं, पण दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जातो आणि बाजूच्या एका काचेसाठी तो घालवणं बहुतेक वेळा परवडत नाही. मी पदरचे पैसे घातले.

फोन गेला असेल तर पोलीस तक्रारीच्या प्रतीवर सीईआयआर या सरकारी पोर्टलवरून तो ब्लॉक करा. कार्डं गेली असतील तर बँकेला कळवा, पैसे निघाल्याचं दिसलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि बॅगेत घराची किल्ली व पत्ता असलेला एखादा कागद दोन्ही असतील, तर पोलीस ठाण्यातून थेट कुलूपवाल्याला फोन लावा. दाराचं कुलूप त्याच संध्याकाळी, झोपायच्या आधी बदललं गेलं पाहिजे.