'मून रिव्हर'चे पियानोसाठी निवांत संयोजन

१९६१ सालच्या 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज' या चित्रपटासाठी हेन्री मॅन्सिनी यांनी 'मून रिव्हर'ची चाल बांधली. ती पडद्यावर ऑड्रे हेपबर्न यांना स्वतःच्या आवाजात गायची होती आणि त्यांच्या गळ्याचा पल्ला मोठा नव्हता, म्हणून मॅन्सिनींनी स्वरांचा आवाका जाणीवपूर्वक लहान ठेवला. सी मेजरमध्ये, म्हणजे सी हा षड्ज धरून शुद्ध स्वरांत (सी, डी, ई, एफ, जी, ए, बी ही पाश्चात्य स्वरनावे), ही चाल केवळ पांढऱ्या पट्ट्यांवर वाजते. पियानोसाठी तिचे संयोजन करताना हा साधेपणा जपणे हे माझ्या मते पहिले काम आहे. हळुवार संगीताच्या नावाखाली प्रत्येक रिकाम्या मात्रेत आलाप भरणारी संयोजने ऐकली की मूळ चालीतला श्वासच नाहीसा झालेला जाणवतो.

सुरुवातीला उजव्या हाताने फक्त चाल वाजवावी, तीन मात्रांच्या लयीत, मिनिटाला साधारण ८५ मात्रांच्या गतीने. पहिला स्वर जी पूर्ण तीन मात्रा टिकतो आणि तिथून चाल वरच्या पाचव्या स्वरावर, डीवर, झेप घेते. ही झेप जोर देऊन मारू नये, कारण तिच्यानंतर लगेच डी खाली सीवर उतरतो आणि खरा भाव त्या उतरण्यात आहे.

डाव्या हाताच्या मांडणीवर मात्र पुरेसा वेळ द्यावा. पहिल्या चार मापांसाठी (माप म्हणजे तीन मात्रांचा गट) सी, ए मायनर, एफ आणि पुन्हा सी असा कॉर्डचा, म्हणजे एकत्र जुळणाऱ्या स्वरगटांचा, क्रम घ्यावा. दुसऱ्या मापात चाल डीवरून सीवर येते; तेव्हा डाव्या हाताने आधीच सी वाजवला, तर ज्या स्वराची कान वाट पाहत असतो तो आधीच मिळून जातो आणि उतरण्यातली गोडी संपते. म्हणून तिथे ए, ई आणि जी एवढेच स्वर, मात्रेला एक याप्रमाणे, खालून वर वाजवावेत. तिसऱ्या मापात चाल बीवर सुरू होते आणि एफच्या कॉर्डमधला सी तिला घासतो, म्हणून तोही वगळून एफ, ई आणि वरचा ए असे स्वर घ्यावेत. चौथ्या मापात सी, जी आणि वरचा ई ही रुंद मांडणी शोभते. हात लहान असेल तर पेडलच्या, म्हणजे सूर टिकवून धरणाऱ्या पायपट्टीच्या, आधाराने स्वर एकेक करून घ्यावेत.

मध्य सीच्या (पियानोच्या साधारण मधोमध असणाऱ्या सीच्या) एक सप्तक खाली गेल्यावर जवळजवळचे दोन स्वर एकत्र दाबू नयेत. खर्जातल्या स्वरांचे उपस्वर एकमेकांवर आदळतात आणि नाद गढूळ होतो. तिथे एकटा स्वर किंवा पाचव्या स्वराचे अंतर पुरते.

कॉर्ड बदलताना नव्या कॉर्डचा खालचा स्वर वाजल्याक्षणी पेडल सोडून लगेच पुन्हा दाबावे. हार्मोनियमवरून पियानोकडे आलेल्या वादकांना इथे वेळ लागतो, कारण त्यांचा डावा हात भाता सांभाळण्यात गुंतलेला असतो आणि सूर टिकवण्याचे काम हवा करते. पियानोवर ते काम पायाकडे येते. त्यांनी डावा हात आणि पेडल एवढेच काही दिवस वेगळे घोटावे.

दुसऱ्यांदा चाल आली की तिच्याखाली अंगठ्याने सहाव्या अंतरावरचा स्वर धरावा, पण प्रत्येक स्वराखाली नव्हे, फक्त लांब स्वरांखाली. वरची करंगळी नेहमी थोडी अधिक वजनाने पडली पाहिजे. ती दबली की चाल आतल्या स्वरांत बुडते. शेवटी अर्ध्या स्वराने पट्टी चढवण्याची रूढी इथे मला अनावश्यक वाटते. त्याऐवजी अखेरचे आवर्तन एक सप्तक वर, आधीपेक्षा हलक्या आवाजात वाजवावे, डाव्या हाताने मापाला एकच स्वर द्यावा आणि शेवटचा सी विरेपर्यंत पेडल उचलू नये.