चिनी अक्षर लिहिताना आधी कोणती रेघ?

पुण्यात शनिवार-रविवारच्या वर्गात मी मँडरिन शिकू लागले, तेव्हा पहिले दोन-अडीच महिने मी अक्षरे लिहीत नव्हते, त्यांची चित्रे काढत होते. ‘तोंड’ या अर्थाचे अक्षर म्हणजे एक साधा चौकोन, आणि तो मी पेन न उचलता एका दमात पुरा करत असे. प्रत्यक्षात त्यात तीन रेघा असतात: प्रथम डावीकडची उभी, मग वरची आडवी, जी कोपऱ्यात वळून तशीच खाली उतरते व उजवी बाजू होते, आणि शेवटी तळाची आडवी. वहीत माझा चौकोन ठीकच दिसे, त्यामुळे चूक कळली ती शिक्षिकांनी फळ्यावर लिहायला बोलावले तेव्हा.

आपल्याकडे ‘क’ लिहिताना कोणी दांडा आधी काढतो, कोणी नंतर, शिरोरेषा तर बहुतेक जण शब्द संपल्यावर देतात, आणि त्यावरून कोणी कोणाला टोकत नाही. ही मोकळीक घेऊनच आपण चिनी लिपीकडे जातो. चीनमध्ये मात्र क्रम ठरवून दिलेला आहे. 1997 साली 7,000 अक्षरांचा रेघाक्रम तेथे प्रमाणित करण्यात आला आणि 1 मार्च 2021पासून 8,105 अक्षरांचे नवे प्रमाण लागू झाले.

मूळ नियम थोडे आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि आडवी व उभी एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी. ‘दहा’चे अक्षर आपल्या बेरजेच्या चिन्हासारखे असते, त्यावर हा शेवटचा नियम पहिल्याच दिवशी कळतो. बंदिस्त चौकटीच्या अक्षरांत तीन बाजू आधी, मग आतला भाग आणि तळाची रेघ सर्वांत शेवटी येते. माणसे आत आल्यावर दार लावावे, अशी याची चिनी समजूत आहे आणि ‘देश’ या अक्षरासाठी ती चपखल बसते. खरा वेळ जातो तो अपवादांत. ‘लहान’ या अक्षरात मधली उभी रेघ आधी व बाजूच्या दोन नंतर येतात, तर ‘अग्नी’त बाजूचे दोन ठिपके आधी येतात. ‘स्त्री’ या अक्षरात आडवी रेघ नियमाप्रमाणे पहिली यावी असे वाटते, पण ती शेवटची असते.

या शिस्तीमागचे कारण मला एका कारखान्यात दुभाषी म्हणून काम करताना उमगले. चिनी अभियंत्याने एका खोक्यावर घाईत दोन अक्षरे लिहून ठेवली होती आणि मला त्यांतले दुसरे काही केल्या लागेना. त्यात कोठेच चौकोन नव्हता; उभ्या रेघा होत्या आणि त्यांना खेटून इंग्रजी दोनच्या आकड्यासारखी वळणे होती. त्याने आपल्या तळहातावर बोटाने तेच अक्षर सावकाश गिरवून दाखवले, तेव्हा ध्यानात आले की ते तीन ‘तोंडां’चे बनलेले अक्षर होते आणि पूर्ण शब्द ‘नमुना’ असा होता. वेगात लिहिताना चौकोनाची दुसरी व तिसरी रेघ पेन न उचलता जोडली जाते आणि ते वळण तयार होते. ज्याच्या हाताला क्रम ठाऊक आहे त्याला असे लिखाण वाचता येते. माझ्यासारख्या चित्रे काढणाऱ्याला ते गिचमिड वाटते.

क्रमाचा परिणाम छापील अक्षरातही दिसतो. ‘माती’ या अक्षराची तळाची रेघ सरळ आडवी असते, पण तेच अक्षर ‘जमीन’ या अक्षराच्या डाव्या भागात बसले की ती रेघ उजवीकडे वर चढते, कारण हाताला तेथून उजव्या भागाच्या आरंभाकडे जायचे असते.

नवशिक्यांनी अधिक चिन्हाने चार भागांत वाटलेल्या चौकटींची वही घ्यावी, म्हणजे रेघ कोठे सुरू होते आणि किती लांब जाते हे दिसते. रेघांची नावे पाठ करावीत: हंग म्हणजे आडवी, शू उभी, फिए डावीकडे उतरणारी, ना उजवीकडे उतरणारी, तिएन ठिपका आणि थी वर चढणारी. लिहिताना ती मोठ्याने म्हणावीत. चारचौघांत थोडे विचित्र वाटते, पण उपयोग होतो. एकच अक्षर शंभरदा गिरवण्याच्या फंदात मी पडले होते, त्यातला बराच वेळ वाया गेला, कारण विसाव्या वेळेनंतर हात चालतो आणि लक्ष भलतीकडे असते. त्यापेक्षा पाच वेळा लिहावे, वही मिटावी आणि दुसऱ्या दिवशी न पाहता लिहून पाहावे. संख्येची धास्ती बाळगू नये. 2021च्या चिनी भाषाप्रावीण्य मानकात प्राथमिक टप्प्याला हाताने लिहिण्यासाठी 300च अक्षरे दिली आहेत. जपानी शिकलेल्यांनी मात्र सावध असावे: ‘उजवा’ या अक्षरात चीनमध्ये आडवी रेघ आधी येते आणि जपानमध्ये तिरकी.

घाईत असताना ‘स्त्री’ लिहायचे झाले, तर माझा हात अजून आडव्या रेघेकडेच वळतो. मग मी थांबते, ‘फिए-तिएन’ असे त्या वळणदार पहिल्या रेघेचे नाव पुटपुटते आणि लिहू लागते.