आजोबांची पद्मिनी कार परत रस्त्यावर आणताना
रंगाचं नंतर बघा, आधी ब्रेक. प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, ड्रम काढून व्हील सिलिंडरचं (ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेक शू ढकलणारा छोटा सिलिंडर) रबर हळूच उचला, आत ओलं दिसलं की लीक आहे, मग सिलिंडरच्या रबरांचं किट चारही चाकांचं एकदम टाका, होज पाइपला (ब्रेक ऑइलचा रबरी पाइप) चिरा असतील तर तेही बदलाच.

पुढचं चाक जॅकवर घ्या (खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर अजिबात विश्वास नको) आणि वर-खाली धरून हलवा, प्ले (ढिलेपणा) जाणवला तर कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा, प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बहुतेक किंगपिन-बुश (चाक ज्या पिनवर वळतं ती पिन आणि तिचं अस्तर). बुश तयार मिळत नसेल तर नाशिकच्या सातपूर नाहीतर अंबड एमआयडीसीत लेथवाल्याकडे बनवून घ्यायला जा. जुना पार्ट फेकू नका, मापाला तोच लागतो.