अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदू मोजायला शिकताना

एमआरआयच्या चित्रांवरून अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या भागांचे घनफळ मोजण्याच्या या कामाकडे काही जण इंजिनिअरिंग किंवा संगणकशास्त्रातून येतात, तर काही बालरोगशास्त्रातून. मी पहिल्या वाटेने आले आणि त्यामुळे सुरुवातीला माझा सगळा ओढा सॉफ्टवेअरकडे होता. आज नव्याने येणाऱ्यांना मी उलटा क्रम सुचवते. आधी बाळाचे वय नीट मोजायला शिकावे, मग एमआरआयची चित्रे स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला शिकावे आणि सॉफ्टवेअर त्यानंतर हाती घ्यावे.

गर्भारपणाचे 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला आपण अपुऱ्या दिवसांचे म्हणतो. आपल्या अभ्यासात मुख्यतः 32 आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळे असतात. अशा बाळाला दोन वये असतात, जन्माच्या वेळचे गर्भवय आणि जन्मानंतरचे वय. मेंदूची वाढ मात्र या दोहोंच्या बेरजेवर मांडावी लागते. 27 आठवड्यांना जन्मलेले बाळ 13 आठवड्यांचे झाले, की ते बेरजेने 40 आठवड्यांचे होते आणि बहुतेक अभ्यासांत एमआरआय याच सुमारास केला जातो. संशोधक पेट्रा ह्युपी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 29 ते 41 आठवड्यांच्या दरम्यान मेंदूच्या ऊतींचे घनफळ आठवड्याला सुमारे 22 मिलिलिटरने वाढताना दिसले, आणि त्याच काळात कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा, करडा भाग जवळजवळ चौपट झाला. म्हणजे मेंदूच्या ऊतींत दिवसाला सुमारे 3 मिलिलिटर वाढ झाली. स्कॅनच्या दिवशीचे वय नुसते ‘40 आठवडे’ असे लिहिले, तर सहा दिवसांपर्यंतचा फरक लपून राहतो आणि दोन गटांतला म्हणून दाखवलेला फरक प्रत्यक्षात केवळ वयाचा निघू शकतो. म्हणून वय आठवडे आणि दिवस अशा दोन्हींत नोंदवावे.

खरी कसोटी लागते ती मेंदूचा करडा भाग, त्याच्या आतला पांढरा भाग आणि भोवतीचा द्रव यांच्यातल्या सीमारेषांवर; सॉफ्टवेअर त्या आखून प्रत्येक भाग वेगळा रंगवते. नवजात बाळाच्या मेंदूत पाण्याचे प्रमाण जास्त असते आणि मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण बहुतेक ठिकाणी अजून तयार व्हायचे असते. त्यामुळे टी-2 चित्रात (पाणी उजळ दाखवणाऱ्या एमआरआयच्या प्रकारात) पांढरा भाग उजळ आणि करडा भाग गडद दिसतो, म्हणजे प्रौढांच्या बरोबर उलट. प्रौढांसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर येथे फसतात, आणि त्यांची फसगत नेमकी कुठे होते हे मेंदूच्या पृष्ठभागावरच्या एका वळीत (घडीत) डोळा घालून पाहण्यासारखे असते. वळीच्या मधोमध अतिशय उजळ द्रव असतो आणि त्याला लागून कॉर्टेक्सची गडद, बारीक पट्टी. चित्राचा जो ठिपका अर्धा द्रवात आणि अर्धा कॉर्टेक्सवर पडतो, त्याची उजळता दोहोंच्या मधली येते, आणि ती पांढऱ्या भागाशी जुळते. मग सॉफ्टवेअर कॉर्टेक्सच्या बाहेरच्या बाजूला पांढऱ्या भागाची सायीसारखी पातळ पापुद्री रंगवून ठेवते, जिथे तो असणे शक्यच नाही. नवजातांसाठी तयार केलेले ‘ड्रॉ-ईएम’ हे सॉफ्टवेअर ही अडचण विचारात घेते. तरीही प्रत्येक निकाल मूळ चित्रावर ठेवून पाहावाच लागतो. काही चित्रांवर हाताने सीमा आखाव्यात, काही आठवड्यांनी आधीची आखणी न पाहता त्याच पुन्हा आखाव्यात आणि दोन्ही आखण्या किती जुळतात ते डाइस गुणांकाने, म्हणजे दोन आखण्या एकमेकींवर किती पडतात हे 0 ते 1 मध्ये सांगणाऱ्या आकड्याने, तपासावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण याच्याइतके दुसरे काहीही शिकवत नाही. सरावासाठी लंडनचे किंग्ज कॉलेज, इम्पीरियल कॉलेज आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांनी मिळून राबवलेल्या ‘डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट’ची चित्रे अटी मान्य करून मिळवता येतात.

शक्य असेल तर प्रत्यक्ष स्कॅनच्या वेळी हजर राहावे. पुष्कळ ठिकाणी बाळाला गुंगीचे औषध देत नाहीत. त्याला पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कानांना आवाजापासून संरक्षण देऊन झोपू देतात. हृदयाचे ठोके आणि रक्तातला ऑक्सिजन यांवर सतत लक्ष असते आणि बाळ अस्वस्थ झाले की तपासणी थांबते. ज्या चित्राशिवाय मोजमाप होणारच नाही, ते आधी घ्यावे, हा आग्रह कुठून येतो ते तिथे उभे राहिल्यावर कळते.

एमआरआयपुढे सोनोग्राफीला कमी लेखू नये. टाळूवर प्रोब ठेवून ती पाळण्याजवळच होते, पुन्हा पुन्हा करता येते आणि मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्यांची रुंदी 1981 पासून वापरात असलेल्या लेव्हिन निर्देशांकाने मोजता येते. मात्र पोकळी मोठी दिसली, तर द्रवाचा दाब वाढला आहे की भोवतीच्या ऊती कमी झाल्या आहेत, हे एका आकड्यावरून ठरत नाही. डोक्याच्या घेराचेही तसेच आहे, कारण त्यात द्रवही मोजला जातो. शिवाय या बाळांची डोकी बरेचदा लांबट व अरुंद होतात, त्यामुळे केवळ आडवी रुंदी पाहून मेंदू लहान ठरवणे मला योग्य वाटत नाही. ऊती, पोकळ्या आणि मेंदूबाहेरचा द्रव यांचे आकडे नेहमी वेगवेगळे द्यावेत.

आईवडील विचारतात, ‘आमचे बाळ पुढे नीट शिकेल ना?’ या प्रश्नाने मन हेलावते, पण घनफळाच्या आकड्यावरून त्याचे उत्तर देऊ नये. घनफळ आणि पुढचा विकास यांचा संबंध बाळांच्या गटांत दिसतो, एकेका बाळाबाबत मात्र तो फारसा भरवशाचा नसतो. त्यांना उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावे, कारण त्या बाळाचा श्वास, आहार, संसर्ग आणि रक्तस्राव यांचा सगळा इतिहास डॉक्टरांसमोर असतो, आपल्या तक्त्यात नसतो.