केनियात पीकसंरक्षणाच्या कामाला येणाऱ्यांसाठी

राहुरी, अकोला, दापोलीहून कृषी शिकून पूर्व आफ्रिकेत आलेली मराठी मुलं केनियातल्या नैवाशाच्या गुलाबांच्या पॉलिहाऊसमध्ये भेटतात. माझीही सुरुवात तिथलीच. तिथली शिस्त मनापासून शिकून घ्या. फवारणीनंतर किती तास आत जायचं नाही, हे दारावर लिहिलेलं असतं. फवारणाऱ्यांचं रक्त तपासलं जातं. लाल कोळी या किडीवर तिला खाणारा फायटोसियुलस हा मित्रकोळी सोडतात. युरोपातला ग्राहक औषधाचा उर्वरित अंश तपासतो, म्हणून हे सगळं काटेकोर चालतं.

गरज मात्र कुंपणाबाहेर जास्त आहे. टोमॅटोवरची टुटा नागअळी इथे 2014 च्या सुमारास आली. त्याच वर्षी ती पुण्याकडेही सापडली. 2016 मध्ये पश्चिम आफ्रिकेत दिसलेली अमेरिकन लष्करी अळी पुढच्याच वर्षी केनियाच्या मक्यावर होती, 2018 मध्ये भारतात. मक्याला कधी औषध न मारलेला एकरभराचा शेतकरीही पंप शोधू लागला. पंप आला, हातमोजे आणि माहिती मागे राहिली.

किरिन्यागातल्या टोमॅटोत एक मजूर उघड्या हातांनी फवारत होता. नोझल तुंबलं. त्यानं ते काढलं, तोंडाला लावून फुंकलं आणि पुन्हा बसवलं. यवतमाळच्या कपाशीत मी हेच पाहिलं होतं. तिथे 2017 च्या हंगामात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. म्हणून माझ्या प्रशिक्षणात पहिली वस्तू असते नोझल साफ करायला जुना टूथब्रश, दुसरी जादा नोझल. विषाचं रसायनशास्त्र नंतर.

आपल्याकडून येणाऱ्यांनी लेबलाच्या रंगाबाबत फार सावध राहावं. एलडी-50, म्हणजे निम्मे प्रयोगप्राणी मारणारी तोंडावाटेची मात्रा, वजनाच्या दर किलोमागे हजार मिलिग्रॅमच्या आसपास असलेलं औषध भारतात निळ्या गटात बसतं; इथे जागतिक आरोग्य संघटनेची वर्गवारी चालते, त्यामुळे तेच पिवळ्या पट्ट्यात येतं. रंग पाहून सवयीनं सल्ला देऊ नका, मजकूर वाचा. औषधांची नोंदणी करणाऱ्या इथल्या पेस्ट कंट्रोल प्रॉडक्ट्स बोर्डाचा नोंदणी क्रमांक आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं, हेही बघा.

अॅग्रोव्हेट, म्हणजे इथलं कृषी सेवा केंद्र. बाजाराच्या दिवशी तिथे दुपारपर्यंत बसा. शेतकरी रोगट पान काउंटरवर ठेवतो आणि दुकानदार देईल ते नेतो. सुटं औषध पाण्याच्या बाटलीत गेलं की लेबल संपलं, आणि ती बाटली घरात मुलांच्या हाताशी येते. माझ्या मते कार्यशाळेचा निम्मा पैसा या दुकानदारांवर खर्च व्हायला हवा. स्वाहिलीही याच काउंटरवर लवकर येते.

फवारणारा बहुधा मजूर, टाकीमागे पैसे घेणारा. भर उन्हात, वाऱ्यात तो घाई करणारच. त्याच्या मालकाशी बोलून मजुरी दिवसावर ठरवून घ्या, मगच सकाळी लवकर फवारायचं त्याला सांगा.