दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजतं: या चुका टाळा

दात काढायला येणारा माणूस बहुतेक वेळा रात्रभर जागलेला असतो. ठणका थांबावा, एवढंच त्याचं मागणं. "डॉक्टरानू, काढून टाका एकदाचो." अशा वेळी हाडाचा विचार त्याच्या मनात येणं कठीण, हे मला समजतं. तरीही तो विचार करायची वेळ तीच असते. दात निघाल्यावर हाड वाचवण्यासाठी हातात फार थोडं उरतं. महत्त्वाचे निर्णय भुलीचं इंजेक्शन देण्याआधीचे असतात.

दाताची मुळं ज्या हाडात रुतलेली असतात, ते हाड दाताबरोबर तयार होतं आणि दात असेपर्यंतच नीट टिकतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. चावताना हाडावर पडणारा ताण त्या थरातून जातो, आतल्या भिंतीला रक्तपुरवठाही काही प्रमाणात तिथूनच होतो. दात गेला की हा थर गेला. कोकणात बंद पडलेल्या घराचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. चूल पेटायची थांबली की काही पावसाळ्यांतच वासे खचायला लागतात. हाडाचंही तसंच होतं. सगळ्यात आधी जाते ती ओठाच्या किंवा गालाच्या बाजूची भिंत. पुढच्या दातांत ती बऱ्याचदा 1 मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. पहिल्या 6 महिन्यांत हाडाची रुंदी सरासरी 3.8 मिलिमीटर आणि उंची साधारण 1.2 मिलिमीटर कमी होते, असं अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. दाढांच्या जागी वर्षभरात जवळपास निम्मी रुंदी जाते आणि त्यातला मोठा भाग पहिल्या 3 महिन्यांतच. म्हणून "दात आत्ता काढू, पुढचं सावकाश बघू" हा हिशेब महागात पडतो.

वाचणारा दात काढणं, आणि न वाचणारा धरून बसणं

हाड टिकवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे दात टिकवणं. खोल किडलेली दाढ रूट कॅनाल आणि कॅप करून वर्षानुवर्षं चालते. पायोरियामुळे, म्हणजे हिरड्यांच्या आजारामुळे, थोडा हलणारा प्रत्येक दात काढावाच लागतो असं नाही. दात काढायचा असेल, तर तो वाचवता येईल का हे आधी स्पष्ट विचारा. उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांना एक्स-रे दाखवा. बाकी सगळे दात गेलेल्या वयस्कर माणसाच्या खालच्या जबड्यातले सुळे धड असतील, तर त्यांची मुळं ठेवून वर कवळी बसवता येते. 5 वर्षांच्या एका अभ्यासात अशी मुळं ठेवलेल्यांचं खालच्या जबड्यातलं पुढचं हाड 1 मिलिमीटरपेक्षा कमी झिजलं होतं, आणि सगळे दात काढलेल्यांचं 5 मिलिमीटरहून जास्त.

याच्या उलट चूकही तितकीच नुकसानीची. मूळ उभं चिरलं आहे, खाली पू साठतो आहे, दात वाचणार नाही हे ठरलं आहे. तरी शिमगा होऊ दे, आंबा उतरू दे, गणपती जाऊ देत, असं करत महिने निघून जातात. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकने सूज उतरते, पण कारण आत तसंच राहतं आणि पू हाड खात राहतो. अशा वेळी आपण वाचवत असतो तो निकामी दात, आणि गमावत असतो हाड.

काढण्याआधी काहीच न विचारणं

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती इथे. दोन-तीन प्रश्न विचारले असते तर पुढचा मोठा खर्च आणि त्रास टळला असता, अशी माणसं नेहमी भेटतात.

पहिला प्रश्न: बाहेरची भिंत न मोडता दात निघेल का? दोन-तीन मुळांची दाढ जोर लावून एकसंध उपटण्यापेक्षा तिचे तुकडे करून एकेक मूळ वेगळं काढलं तर हाड कमी फुटतं. याला वेळ जास्त लागतो. डॉक्टर वेळ घेतायत म्हणून घाबरू नका, तो वेळ तुमच्या हाडासाठी असतो.

दुसरा प्रश्न: या जागी पुढे इम्प्लांट (हाडात बसवून वर खोटा दात लावायचा स्क्रू) बसवायचा आहे का, आणि असेल तर खड्ड्यात आत्ताच ग्राफ्ट भरावं का? ग्राफ्ट म्हणजे हाडाचे किंवा हाडासारखे बारीक कण. ते प्राण्याच्या हाडापासून, दान केलेल्या मानवी हाडापासून किंवा कृत्रिम खनिजापासून केलेले असतात. वर बहुधा कोलॅजनचा पातळ पडदा ठेवून टाके घालतात. धार्मिक किंवा आहाराच्या कारणाने प्राणिज ग्राफ्ट नको असेल तर आधीच सांगा, कृत्रिम मिळतं. ग्राफ्टने झीज पूर्ण थांबत नाही, सरासरी 1 ते 2 मिलिमीटर वाचतात. ऐकायला हे थोडं वाटतं, पण पुढच्या दाताच्या जागी इम्प्लांट सरळ बसेल की आधी हाड वाढवायची वेगळी शस्त्रक्रिया लागेल, हे तेवढ्यावर ठरू शकतं. अक्कलदाढेच्या जागी मात्र सहसा ग्राफ्टची गरज नसते. तिथे कुणी आग्रह केला तर कारण विचारा.

रुग्णाच्या रक्तापासून केलेला पीआरएफचा थर जखम भरायला मदत करतो, पण त्यावर हाडाच्या मोठ्या अपेक्षा ठेवू नका. त्याच दिवशी इम्प्लांट बसवला की हाड झिजतच नाही, हा समजही चुकीचा आहे. बाहेरची भिंत तेव्हाही आत सरकते.

औषधं लपवणं

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन घेणाऱ्या बायका दाताच्या डॉक्टरांना ते सांगत नाहीत, कारण दाताशी त्याचा संबंध वाटत नाही. ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड यांसारख्या औषधांवर असताना दात काढला, तर क्वचित जबड्याचं हाड भरून न येता उघडं राहतं. कॅन्सरसाठी मोठ्या मात्रेत ती घेतली असतील तर हा धोका बराच वाढतो. ही औषधं किंवा रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. साखर वाढलेली असेल तर तेही सांगा.

पहिल्या काही दिवसांतली घाई

खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी म्हणजे नव्या हाडाचा पाया. ती निघाली तर हाड उघडं पडतं आणि भयंकर ठणका लागतो. डॉक्टरांनी दिलेला बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. पहिले 24 तास खळखळून चूळ नको, थुंकत बसणं नको. शहाळं प्यायचं असेल तर पेल्यात ओतून प्या, नळीने ओढू नका. ओढण्याने गुठळी सुटते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या हाताने चूळ भरा. कोमट पेज, मऊ भात, नाचणीची आंबील हा उत्तम आहार. काटेरी मासा आणि तिखट कालवण थोडे दिवस थांबलं तर काही बिघडत नाही.

मिश्रीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सकाळची मिश्री अनेक घरांतल्या बायकांना तंबाखू वाटतच नाही. ती तंबाखूच आहे, आणि काढलेल्या दाताच्या हिरडीवर ती चोळणं म्हणजे ताज्या जखमेवर तंबाखू घासणं. विडी-सिगारेटने रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड भरणं रेंगाळतं. निदान आठवडाभर, ग्राफ्ट किंवा इम्प्लांट असेल तर अनेक महिने, हे सगळं बंद ठेवा.

होडीवर जाणाऱ्यांनी दात काढून त्याच रात्री समुद्रात जाऊ नये. रक्त थांबलं नाही तर तिथे कोण बघणार? मासेमारीबंदीचा 1 जून ते 31 जुलै हा काळ अशा कामाला सोयीचा आहे. गणपतीत गावी येऊन दात काढून घेणाऱ्या चाकरमान्यांनी टाके कुठे काढायचे हे आधी ठरवावं आणि एक्स-रेची प्रत बरोबर न्यावी.

काय बिघडलंय हे ओळखायचं कसं? दुखणं रोज कमी होत जायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते वाढलं, कानापर्यंत गेलं, तोंडाला वास यायला लागला, तर लगेच दवाखाना गाठा. डॉक्टर खड्डा धुऊन औषध भरतात आणि बराच आराम पडतो. घरी लवंग तेलाचा बोळा, हळद किंवा तंबाखू आत कोंबू नका. खड्ड्यावर पांढरट-पिवळट थर आला आणि दुखत नसेल, तर तो पू नसून जखम भरल्याचं लक्षण असतं. तो खरवडू नका. ग्राफ्टचे दोन-चार कण बाहेर आले तर काळजी नको, पण टाके सुटून कण पडतच राहिले तर दाखवा. हिरडीतून टोचणारी हाडाची कपची आली तर ती डॉक्टरांकडून काढून घ्या.

रिकामी जागा तशीच सोडणं

शेजारचे दात त्या जागेकडे कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो. ब्रिजने, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारावर पक्क्या बसवलेल्या खोट्या दाताने, चावणं आणि दिसणं सुधारतं, पण खोट्या दाताखालचं हाड झिजतच राहतं. काढ-घाल करायची कवळी हिरडीवर दाब देते आणि झीज वाढवू शकते. कवळी लावणाऱ्यांवर 25 वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खालचा जबडा वरच्याच्या सुमारे चौपट झिजलेला आढळला. म्हणून कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा, दरवर्षी दाखवा, आणि सैल झाली तर पावडर लावून दिवस ढकलण्यापेक्षा आतून नव्याने भरून घ्या.

इम्प्लांट हाडावर पुन्हा ताण देतो, म्हणून तिथलं हाड तुलनेने टिकतं. पण साखर काबूत नसेल, पायोरिया तसाच असेल, तंबाखू सुटत नसेल, तर आधी ते सुधारा. कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन रिकाम्या जागेचं हाड परत येत नाही, त्यावर भिस्त ठेवू नका.

दात जाऊन कितीतरी वर्षं झाली असतील तरी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचं त्रिमितीय चित्र देणारा एक्स-रे) करून हाड किती उरलंय ते पाहता येतं. हाड वाढवण्याची शस्त्रक्रिया, आखूड इम्प्लांट, वरच्या दाढांच्या जागी सायनसखाली (गालामागच्या हाडातल्या पोकळीखाली) हाड भरणं असे मार्ग आहेत. खाजगी खर्च झेपत नसेल तर सिंधुदुर्गातल्यांनी बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज, रत्नागिरीकडच्यांनी खेडचं डेंटल कॉलेज, रायगडकरांनी मुंबईतलं सरकारी किंवा नायर डेंटल कॉलेज इथे चौकशी करावी. जाताना जुने एक्स-रे आणि औषधांची यादी बरोबर ठेवा, आणि दात कधी काढला होता ते आठवून लिहून न्या.